शेवटच्या गल्लीची तरतूद

शालिग्रामभाऊ उधन्याच्या मजूर वस्तीत वाढले आणि महापालिकेच्या कचेरीत शहराचं अंदाजपत्रक मांडायला बसले, तेव्हा खानदेशातून आलेल्या साऱ्या वस्तीची छाती फुगली. शेजारच्या धुरपदामावशींनी तर पेढे वाटले.

दर वर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत मावशी कचेरीबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसत. "भाऊ, आपली गटार झाकाई जाई का औंदा?"

"पुढला सालले व्हई, मावशी."

भाऊ काही थापा मारत नसत. गल्लीतल्या उघड्या गटारीवर फरशा टाकायची तरतूद ते दर वर्षी मांडत. मग खर्च जमेच्या पुढे जाई आणि गुजराती साहेब आणखी कात्री लावायला सांगत, "शालिग्रामभाई, हजु थोडुं कापो." झालं! भाऊंची पेन्सिल सगळ्यात आधी आपल्याच गल्लीवर फिरे. आपल्या माणसांना झुकतं माप दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. अब्रूला जपणारा माणूस. त्यापायी घरच्यांनाच उपाशी ठेवणारा. ज्या गल्ल्यांचे मोर्चे आले, त्यांच्या गटारी झाकल्या गेल्या.

सत्त्याण्णवच्या पावसात रस्ता आणि गटार एक झाले. दळण घेऊन निघालेल्या मावशींचा पाय चुकला. त्यांचं प्रेत सापडलं ते दुसऱ्या दिवशी, पार खाली नाल्यात.

पुढल्या अंदाजपत्रकाला मावशी पुन्हा बाकड्यावर. लुगडं ओलं, काही मागणं नाही, नुसती नजर. भाऊंनी खुर्ची फिरवली, दार लोटून घेतलं, कुलदेवीला नारळही फोडला. काही उपयोग झाला नाही. भाऊ मनातून पार घाबरले होते. साहेब "कापो" म्हणाले, तेव्हा भाऊ जन्मात पहिल्यांदा साहेबांशी भांडले आणि ती तरतूद राखली. पावसाळ्याच्या आत गटारीवर फरशा पडल्या.

आता तरी मावशी आपल्याला सोडतील, या आशेनं भाऊ गल्लीत गेले. मावशींची लेक इंदुबाई हिनं त्यांना ओट्यावर बसवलं, हातात चहा दिला.

"भाऊ, आपली गल्लीबी मोर्चा काढनार व्हती," ती म्हणाली. "मायनी सगळासले मांगे फिरावं. म्हने, आपला शालिग्राम कचेरीमजार बठेल शे, आपले बोंब मारानी काय गरज?"

इंदुबाई रागानं बोलली असती तर भाऊंना बरं वाटलं असतं. ती अगदी कौतुकानं बोलली आणि बशीत आणखी थोडा चहा ओतला.