हनुक्काची सहावी संध्याकाळ

यंदा हनुक्का, आमचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, आला तेव्हा माझं देवाशी भांडण चालू होतं. होळीच्या सुमारास आमचे हे गेले. आम्ही रायगडकडचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. यांच्या नोकरीपायी आरमोरीला आलो आणि इथलेच झालो. आता आमच्या धर्माची इथे मी एकटीच. मेणबत्त्या लावताना देवाने पूर्वजांसाठी केलेल्या चमत्कारांबद्दल त्याचे आभार मानायचे असतात. मी ते शब्द दात-ओठ खाऊन म्हटले. त्यांच्यासाठी केलेस ना, मग माझ्या माणसाच्या वेळी कुठे होतास?

तरी मेणबत्त्या लावल्या, रस्त्याकडच्या खिडकीतच. रीतच तशी आहे. पहिल्या संध्याकाळी एक, मग रोज एक वाढवत आठव्या दिवशी आठ, आणि त्यांना पेटवणारी सेवक मेणबत्ती वेगळी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसल्या पाहिजेत. त्या उजेडात शिवायचं नाही, वाचायचं नाही, कुठलंच काम करायचं नाही, नुसतं बघायचं.

पाचव्या दिवशी घरमालक आले. "बाई, रोज एक दिवा वाढून राह्यला. लोक म्हणतात, बाई करणी करते. आत लावा, नाईतर खोली खाली करा."

मी तोंडावर ताडताड बोलले, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. या वयात बिऱ्हाड कुठे हलवू? सहाव्या संध्याकाळी मेणबत्त्या मुकाट्याने आतल्या खोलीत फळीवर लावल्या. स्वतःचीच लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात कडी वाजली. दारात एक अनोळखी गोंड म्हातारी, हातात जेवणाचा भरलेला डबा.

"बाई, आज दिवे काऊन नाई लावले? माई पोरगी समोरच्या दवाखान्यात हाय. बाळंतपणापासून ताप उतरून नाई राह्यला. खाटेवरून रोज तुये दिवे मोजते. आज साहा पायजे म्हणते. दिसल्याबिगर घास घेत नाई."

मी तशीच आत वळले. फळीवरच्या मेणबत्त्या विझवल्या, नव्या घेतल्या आणि खिडकीत सहा उभ्या केल्या. म्हातारी शेजारी उभी राहून बघत होती. घरमालक अंगणातून ओरडले, "बाई, सांगतलं होतं ना!"

"खोली सोडते, भाऊ," मी म्हणाले, "पण महिना संपेपर्यंत खिडकी माझी आहे."

आठव्या दिवशी पोरीचा ताप उतरला. औषधाने उतरला असेल, मी वाद घालत नाही. ती बाळाला पदराखाली घेऊन रस्त्यावर आली, आठही मोजून हसली. त्या उजेडाचा कशासाठीच वापर करायचा नसतो, आणि मी तर तो देवाशी भांडायला वापरत होते. तो उजेड मात्र माझ्याच भांडणातून त्या खाटेपर्यंत पोचला होता. त्या संध्याकाळी आभाराचे शब्द पहिल्यांदा रडत म्हटले. भांडण संपलं असं नाही म्हणणार. पण आता ते मिटवायचं देवावरच सोपवलं आहे.

खोली सोडावी लागलीच. नवी बघायला गेले तेव्हा पाणी किती वाजता येतं ते नंतर विचारलं. आधी रस्त्याकडची खिडकी उघडून पाहिली आणि मालकाला तिथेच सांगितलं, "हिवाळ्यात आठ दिवस इथे दिवे लागतील. चालत असेल तरच किल्ली द्या."