गळालेल्या एकसष्ट जणी

घरोघरी फिरून बायकांच्या मुलाखती घेण्यात तिची सोळा वर्षं गेली होती. ऑफिसात तिला सगळे ‘चिकटताई’ म्हणत. माणूस बोलल्याशिवाय ती दारातून हलत नसे.

या खेपेचा अभ्यास घरातल्या मारहाणीचा होता. पहिल्या फेरीत चारशे बायका बोलल्या. वर्षाने त्यांनाच पुन्हा गाठायला गेलं, तर एकसष्ट जणींचे फॉर्म कोरेच राहिले.

आकडेमोड बघणारे सर म्हणाले, “बाकीच्यांची सरासरी घालू तिथे. मारहाण कमी झालेली दिसतेय, चांगलंच आहे.”

“सर, ज्यांना बोलू देत नाहीत त्याच गळाल्या असतील तर? बोलणाऱ्यांची सरासरी त्यांना कशी लावायची?”

“मग पुरावा आणा.”

ती तडक निघाली. पहिलंच घर एका शिवणकाम करणारीचं. नवऱ्याने दार फटीएवढं उघडलं. “माहेरी गेलीय.”

तेवढ्यात आतून कण्हणं ऐकू आलं. ताईने फटीत पाय घालून चौकटीवर हात ठेवला आणि त्याने दार धाडकन आपटलं. दोन बोटं चेचली. ती किंचाळली, पण पाय फटीतून काढला नाही. मग त्याने केस धरून तिला आत ओढलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं. तशातही तिला फरशीवर बसलेली बाई दिसली. जबडा एका बाजूला लोंबत होता. बोलणार कशाने?

ती बाई उठली. शिवणाच्या टेबलावरची लोखंडी इस्त्री उचलून तिने नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुरासारखा ओरडत कोसळला.

शेजारीण धावत आली. “रोजचंच होतं हो. म्हटलं, कशाला मध्ये पडा.”

“आता पडा,” ताई म्हणाली. “आधी गाडी बोलवा.”

दवाखान्यात तारांनी बांधलेल्या जबड्याने त्या बाईने फॉर्म लिहून भरला. सरांनी तो वाचला. सरासरीचा आकडा त्यांनी स्वतः खोडला आणि सगळ्यांना शोधायला माणसं लावली. दोन महिन्यांत चव्वेचाळीस जणींचा पत्ता लागला. पस्तीस जणींना आधीपेक्षा जास्त मार बसला होता. तिघी मेलेल्या होत्या.

उरलेल्या सतरा जणींच्या रकान्यात सरांनी लिहिलं, ‘माहीत नाही.’

ताईचं एक बोट कापावं लागलं. बहीण चिडली, “दुसऱ्याच्या घरात घुसायची तुला काय नड होती गं?”

ताई नुसतीच रडली.