गुलाबी रेझर आणि शांताक्काची वज्री

अप्पा बेसिनच्या आरशासमोर उभे होते. गालाला फेस, वर झुपकेदार मिशा, हातात गुलाबी रेझर. मी आणि मोल्डिंगचे सुपरवायझर रशीदभाई शेजारी गंभीर चेहरे करून उभे. अप्पांनी रेझर ओढला, गाल चाचपला आणि निकाल दिला, "फस्क्लास! ह्याच्यात वाईट काय हाय?"

नेमकं तेच आम्हाला कळत नव्हतं. सॅम्पल दोनदा परत आलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हुमनाबादच्या इंडस्ट्रियल एरियात अप्पांचा प्लास्टिकचा छोटा कारखाना होता. कंगवे, साबणाच्या डब्या, असला माल. मी तिथे प्रॉडक्शन बघायचो. मुंबईच्या एका एक्स्पोर्टरने आखातातल्या घाऊक व्यापाऱ्यासाठी बायकांचा रेझर मागितला. पाती तो देणार, बाकी सगळं आमचं. त्या भरवशावर अप्पांनी अकरा बायका पॅकिंगला घेतल्या. ऑर्डर हातची गेली तर त्यांचं कामही जाणार होतं.

'लेडीज रेझर' हा शब्द मात्र कारखान्यात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. सगळे 'तो माल' म्हणायचे.

त्या मालाची फीचर्स ठरवायला आम्ही तीन पुरुष बसलो. पाती दोन, हे ठरलेलंच. हलतं डोकं, म्हणजे वळणाबरोबर कलणारं, दिसायला झकास. पण आमचं तिसऱ्या दिवशी निखळायचं. रद्द. पात्याजवळची गुळगुळीत पट्टी उन्हात चिकट व्हायची. तीही रद्द. रंगावर चार दिवस भांडलो. सॅम्पल गेलं, उत्तर आलं: 'हातातून निसटतो.' आम्ही काय केलं? गुलाबी आणखी गडद केला आणि मुठीवर फूल छापलं. उत्तर तेच आलं. खाली एक ओळ जास्त होती: 'पुढचं सॅम्पल शेवटचं.'

म्हणून अप्पा आरशासमोर होते. तेवढ्यात पॅकिंगच्या मुख्य शांताक्का चिकटपट्टी मागायला आल्या. मन्नाएखेळ्ळीहून रोज बसने यायच्या. अप्पांचा अवतार बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"अप्पा, ही वस्तू बायांची न्हवं?"

"व्हय."

"मग गालाला कामून लावायलाव?"

रशीदभाई छताकडे बघू लागले. मी घाईघाईने फाइल उघडली, ती उलटी होती.

"मग कुठं लावू?" अप्पा फेसातून गुरगुरले.

शांताक्कांनी बेसिनवर साबणाने हात माखले, रेझर घेतला, स्टुलावर बसल्या, वाकल्या आणि लुगड्यापासून चार बोटं दूर, हवेतच, घोट्यापासून वर एकदा ओढला. दुसऱ्या ओढीला रेझर सटकला आणि अप्पांच्या चपलेवर पडला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरुष आरशात बघत, हात कोरडा ठेवून, वरून खाली ओढतो. इथे माणूस वाकलेला, हात मनगटापर्यंत साबणात आणि ओढ खालून वर. आमची मूठ पुरुषांच्या रेझरची नक्कल होती, पेन्सिलीसारखी बारीक.

दुसऱ्या दिवशी शांताक्कांनी फडक्यात गुंडाळून टाच घासायची पितळी वज्री आणली. "माज्या सासूची हाय. साबणाच्या हातातनं आजपत्तर सुटली न्हाई." तिची मूठ पोटात जाड, टोकांना निमुळती, वर आडव्या रेघा.

आता खरी अडचण. साचा म्हणजे पोलादी ठोकळ्यातली पोकळी. तिच्यात वितळलेलं प्लास्टिक भरलं की मूठ तयार. मूठ जाड करायची तर पोकळी कोरून वाढवायची. कोरलेलं पोलाद पुन्हा भरायला ना वेळ होता, ना इथे कारागीर. आणि साचा एकच.

"अप्पा, एक बार काटे तो काटे," रशीदभाई म्हणाले. "वापस नै होता."

अप्पांनी शांताक्कांकडे पाहिलं. "अक्का, चुकलं तर?"

"चुकलं तर आमी अकरा जणी घरी. न्हाई केलं तरी घरीच हाव की."

अप्पांनी वज्री तळहातावर तोलली आणि म्हणाले, "रशीद, काट."

नव्या मुठीची परीक्षा अंगणात झाली. बादलीभर साबणाचं पाणी. अकरा बायकांनी हात बुचकळून रेझर हवेत ओढले. मग बायकांनी अप्पांना सोडलं नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, स्टुलावर बसून, आमच्या मालकांनी घोट्यापासून वर अशी काही ऐटीत हवा कापली, की गेटवरचा वॉचमन धावत आला. पण एकही रेझर सुटला नाही.

सॅम्पल रवाना झालं आणि तीन आठवड्यांनी मुंबईहून ट्रंककॉल आला. ऑर्डर पक्की. अप्पांनी सगळ्यांना मिरची भजी खाऊ घातली.

आता त्या शेडमध्ये सिमेंटचं गोडाऊन आहे. मी अजूनही दुकानात मूठ असलेली कुठलीही वस्तू घेण्याआधी पाण्याची बाटली उघडून हात ओले करतो. दुकानदार वैतागतात. त्यांना काय सांगू? वस्तू ज्या हातात जाणार, त्याला आधी विचारावं, एवढं शिकायला आम्हाला दोन सॅम्पलं लागली.

त्या दिवशी भज्यांच्या गडबडीत शांताक्का अप्पांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. अप्पा म्हणाले, "बोला अक्का, काय पायजे? आज मागाल ते."

"माजी वज्री द्या की," त्या म्हणाल्या. "म्हैना झाला, टाचा भेगाळल्या."