शिवकन्याला दूध का येईना

मी सत्यभामा, शिवकन्याची थोरली जाऊ. पोरगी मुरुमची, बोलायला गोड, पण मान कायम खाली. बाळंतपण उरकून सव्वा महिन्यानं आरोहीला घेऊन आमच्या ढोकीला आली, अन् घराला एकच घोर लागला. लेकरू सारखं पितंय, पण पोट भरंना.

सासूबाई, म्हणजे कमलबाई, लई मायेच्या. तिथंच तर घात झाला! अळीव, शतावरी, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, सगळं करून घातलं. डॉक्टरीणबाईनं वरच्या दुधाचा डबा लिहून दिला, तर तो त्यांनी शेजारी देऊन टाकला. "बाटली लागली की अंगावरचं आटतंय," म्हणाल्या. वर येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलल्या, सुनंला पान्हा फुटस्तोवर पायात चप्पल घालणार न्हाय. ऐन एप्रिलात! शेतातून आल्या की पोळलेले तळपाय चोळत हसायच्या, "फुटंल गं, घाबरू नको."

ते पाय बघून शिवकन्या मोरीत जाऊन रडायची. एकदा मी तिला तिथंच धरली अन् खोदून खोदून विचारलं. तिनं पदर बाजूला सारला. दोन्हीकडं छातीखाली आडवे वण. कॉलेजात पोरं तिच्या छातीवरनं घाण बोलायची, मान-खांदे भरून यायचे, म्हणून लग्नाआधी पुण्यात ऑपरेशन करून छाती लहान करून घेतलेली.

"तवाच डॉक्टर म्हणले होते, पुढं दूध कमी यील, कदाचित येणारच न्हाय. ह्यांना ठाऊक हाय. हेच म्हणले, आईला सांगू नको."

वा रं भावजी! आपण खुशाल कारखान्यात ड्युटीवर, अन् ही इथं जळतीया. माझं डोकंच फिरलं. "तू सांग, न्हायतर मी सांगते," म्हणलं. पण तिची जीभच उचलंना, अन् तिचं रडणं बघून मलाबी सांगवंना.

मग दवाखान्यात आरोहीचं वजन घटलेलं निघालं. घरी येताच शिवकन्या सासूबाईंच्या पायाशी बसली अन् सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्यांनी आरोहीला उचलून मांडीवर घेतलं.

"ऑपरेशन केलंस तर केलंस," त्या म्हणाल्या, "पर माझ्याच हातानं लेकराला उपाशी ठिवायला लावलंस की गं."

मी पळत जाऊन दुकानातून दुधाचा नवा डबा आणला. सासूबाईंच्या मांडीवर आरोही गटागटा प्यायली. पोट भरलेलं लेकरू कसं झोपतं, ते आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. शिवकन्या तिच्याकडं बघून हुंदके देत होती, अन् तिला गप कसं करावं ते आम्हा दोघींनाही कळंना.