पुडीतलं नायट्रिक

भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात सगळ्यात घातक शब्द म्हणजे 'हललं'. तो कानावर पडला की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून रस्त्यावर यायची. आणि आमचे केमिस्ट्रीचे सर दिवसभर ओरडायचे, "फ्लास्क हलवा, हलवत राहा!"

मी देगलूरच्या शिंप्याची मुलगी, बारावीच्या क्लासेससाठी लातूरला आलेली. अब्बांची अट साधी होती. "पैली ब्याच में आई तो रह, नै तो सामान बांध." माझ्या रूममेटचं गावाकडचं घर भूकंपात गेलं होतं. आमच्या खोलीवर सिमेंटचा स्लॅब होता, म्हणून ती दाराजवळ, माझा हात धरून झोपायची. 'हललं' हा शब्द मात्र तिने कधी उच्चारला नाही.

पहिल्या बॅचची निवड एका प्रॅक्टिकलवर होती. प्रत्येकाला कागदाच्या पुडीत पांढरे खडे मिळाले. कोणतं आम्ल आहे ते ओळखायचं. मी वजन केलं, खडे पाण्यात विरघळवले, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडू लागले. बरोबर वीस मिलीला फिका गुलाबी रंग आला आणि टिकला. मला नाचावंसं वाटलं! गणित मांडलं, रेणुभार आला त्रेसष्ट. त्रेसष्ट म्हणजे नायट्रिक, झोपेतून उठवलं तरी सांगेन. ऐटीत, ठळक अक्षरांत लिहून टाकलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून रूममेट किंचाळली, "हललं!"

अख्खी बॅच मैदानात. सरांच्या हातात खडू, माझ्या हातात गुलाबी फ्लास्क आणि पायात एकच चप्पल. रूममेट माझ्या कानाशी आली. "बाई, नायट्रिक कधी पुडीत बांधून देतेत व्हय गं?"

खरंच की! नायट्रिक म्हणजे धूर सोडणारं पाणी. कागद खाऊन टाकेल ते! हसता हसता फ्लास्क सांडला. या आम्लाला हायड्रोजन दोन असणार, म्हणून सोडाही दुप्पट प्यायलं. मग रेणुभारही दुप्पट धरायला हवा. एकशे सव्वीस. ऑक्झॅलिक! याला कॉपी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

"कोण म्हणलं हललं?" सर गरजले.

"मीच, सर," रूममेट पुढे झाली. "माझा फ्लास्क हलला. तुम्हीच तर हलवा म्हणलाव."

सरांनी रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण त्यांनाच हसू आवरेना. आम्ही आत गेलो आणि मी पहिलं काम केलं ते नायट्रिक खोडायचं.

यादीत आम्ही दोघीही होतो. अब्बांना कळवायला एसटीडी बूथकडे मी जवळजवळ पळतच होते.

"तू मुद्दाम ओरडलीस ना?" मी वाटेत विचारलं.

"तू देगलूरला गेल्यावर," ती म्हणाली, "त्या स्लॅबखाली मी एकटी कशी झोपू गं?"