ज्याने पाडलं, त्याने उचलायचं

ठोक्याचा हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून. आपटून आलेल्या गाड्यांचे पत्रे गॅरेजात हातोडीने सरळ करायचे, हे त्याचं काम. तिथे ही सवय खपून जायची. माणसांच्या बाबतीत मात्र तो सरळ पत्रा वाकवून ठेवायचा. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे सिमेंटचं एक कोर्ट होतं, आणि दर रविवारी संध्याकाळी तिथे तिशी ओलांडलेल्यांची बास्केटबॉलची लीग चालायची. पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले बाप्ये आठवडाभर साठवलेला राग घेऊन तिथे यायचे. ठोक्याकडे तो जरा जास्तच साठलेला असायचा.

या लीगचे नियम कुणी पुस्तकातून काढले नव्हते. प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी रक्त सांडलं होतं. खाटकाची अंगठी रिंगच्या जाळीत अडकली, तो खाली आला आणि बोटाचं कातडं वरच राहिलं. तेव्हापासून अंगठी काढून खेळायचं. पोस्टमनच्या पापणीत कुणाचं तरी नख घुसलं. तेव्हापासून शिट्टी वाजवणारा कंपाउंडर खेळाआधी या सगळ्या थोराड घोड्यांची नखं शाळेतल्या बाईंसारखी तपासायचा. कोपराचा नियम ठोक्यामुळे आला. डोक्याने धडक मारायची नाही हाही त्याच्याचमुळे. तोवर असं कुणी करेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पण सगळ्यांत कडक नियम खुद्द ठोक्याने घातला होता. एकदा त्याने एका शिंप्याला पाडलं. नडगीचं हाड मोजा फाडून बाहेर आलं. शिंपी सिमेंटवर गुरासारखा ओरडत होता आणि दोन्ही टीम फाउल कुणाचा यावर एकमेकांच्या अंगावर धावून जात होत्या. शेवटी ठोक्यानेच त्याला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे शिंप्याच्या बायकोने त्याचा जो उद्धार केला, तो त्याने मान खाली घालून ऐकला. पुढच्या रविवारी तो कोर्टच्या मधोमध उभा राहिला.

"यापुढे ज्याने पाडलं, त्यानेच उचलायचं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टर घरी सोडेपर्यंत त्याच्याजवळून हलायचं नाही. जो हलेल तो लीगमधून कायमचा बाद."

या नियमाने सगळ्यांत जास्त वेळ दवाखान्यात बसला तो ठोक्याच. तिथल्या वॉर्डबॉयला वाटायचं, हा कुठल्या तरी संस्थेचा माणूस आहे.

ठोक्याला एक धाकटा भाऊ होता, शाळेची बस चालवणारा. तोही याच लीगमध्ये, पण समोरच्या टीममधून खेळायचा. काही वर्षांपूर्वी एका हुकलेल्या पासवरून ठोक्याने त्याच्या थोबाडीत मारली होती, भर कोर्टवर, त्याच्या लहान मुलीसमोर. मुलगी किंचाळली होती. धाकटा घरी गेला आणि त्याने आईला सांगितलं. आई म्हणाली, "मोठा आहे तो. मारला एखादा फटका म्हणून काय झालं?" धाकट्याने त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवलं. त्यानंतर तो ना आईशी बोलला, ना भावाशी. खेळतानाही तो ठोक्याला चुकूनसुद्धा हात लावत नसे. ठोक्या आडवा आला की बॉल दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. ते ठोक्याला माराहून जास्त लागायचं.

आता आई त्याच दवाखान्यात होती, दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात. ती आता घरी येणार नाही, असं डॉक्टरांनी ठोक्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दार वाजलं की ती विचारायची, "धाकटा आला का रे?" ठोक्याने कंपाउंडरकडून निरोप धाडला. बायकोला पाठवलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "ती ज्याच्या बाजूची आहे, त्यानेच बघावं."

रविवारी ठोक्या मनाशी काहीतरी पक्कं करून कोर्टवर उतरला. पहिल्याच मिनिटात त्याने धाकट्याच्या बरगडीत कोपर घातलं. धाकटा कळवळला आणि बाजूला झाला. मग पायावर पाय दिला. मग उडी मारलेल्याला हवेतच असा ढकलला, की तो सिमेंटवर घासत गेला आणि त्याचं कोपर सोलून निघालं. कंपाउंडर शिट्टी वाजवून थकला. "अरे ए, वेड लागलंय का तुला?" खाटीक ओरडला. धाकटा रक्त पुसून पुन्हा उभा राहिला. तरी हात उचलेना.

तेव्हा ठोक्या त्याच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला. जे बोलायचं होतं ते त्याच्या जिभेवर येईना, पण दुसरा उपाय उरला नव्हता.

"पुढच्या रविवारी पोरीला घेऊन ये," तो म्हणाला. "तिच्यासमोर अजून एक देतो."

धाकट्याची मूठ थेट तोंडावर बसली. दोन दात गेले. दुसरी मूठ कानावर, मग गुडघा पोटात. ठोक्याने हात खालीच ठेवले होते. तो मागे कोलमडला, रिंगच्या लोखंडी खांबावर बरगडी आपटली आणि आतलं काहीतरी मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तो पडल्यावरही धाकटा त्याला लाथा घालत होता. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर येत होतं. चौघांनी मिळून त्याला ओढला.

धाकटा बूट हातात घेऊन फाटकाकडे निघाला. ठोक्या तोंडातलं रक्त थुंकत जमिनीवर पडून होता. खाटीक पुढे झाला, तसा कंपाउंडर ओरडला, "हात लावू नकोस! नियम आहे." सगळे उभे राहून फाटकाकडे बघत होते. ठोक्याला श्वास घेता येईना, आणि पहिल्यांदाच त्याला भीती वाटली, की हा पठ्ठ्या खरंच निघून जाईल.

धाकटा फाटकाशी थांबला. त्याने बूट भिंतीवर फेकून मारले, आई सोडून सगळ्यांवरून शिव्या दिल्या आणि मागे आला. "उठ," म्हणाला, आणि भावाच्या काखेत हात घातला.

धाकट्याच्या शाळेच्या बसमध्ये चित्रं चिकटवलेल्या छोट्या सीटवर ठोक्या वाकडा होऊन बसला. दवाखान्यात टाके पडले, बरगड्यांचा फोटो निघाला. तीन मोडल्या होत्या. दोन दिवस ठेवून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले.

"तू मुद्दाम मार खाल्लास," धाकटा हळूच म्हणाला.

"एवढा खायचा बेत नव्हता," ठोक्या सुजलेल्या ओठांतून म्हणाला. "वाटलं होतं, एखादा पाय मुरगळेल."

मग त्याने वॉर्डबॉयकडून चाकांची खुर्ची मागून घेतली. "मी वर चाललोय. तुला माझ्याजवळून हलता येणार नाही. नियम आहे."

धाकट्याने खुर्चीचे दांडे धरले. मग त्याने ती ढकलायला सुरुवात केली.

आईने डोळे उघडले. आधी तिला मोठ्याचं फुटलेलं तोंड दिसलं. "कुणी मारलं रे?"

"पडलो," ठोक्या म्हणाला.

"मी मारलं," मागून धाकटा म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "तेव्हाच मारायला हवं होतंस. मीच तुझी बाजू घ्यायला हवी होती." धाकट्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी ठोक्याच्या छातीला हात लावून पाहिला. "ठीक आहे, घरी जा."

ठोक्याने डोळे मिटले. "दुखतंय अजून," तो म्हणाला.

धाकटा आईला पाणी पाजून नुकताच खाली आला होता. भाऊ खोटं बोलतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"दुखतंय म्हणतोय ना तो, डॉक्टर," तो म्हणाला. "राहू द्या की."