फ्लेक्समागचा कडुलिंब

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुलिंब रस्तारुंदीत गेला. मागे उरलेल्या भिंतीवर पलीकडच्या चाळीतल्या मेघनाने तो यंदा पुन्हा उभा केला, रंगांनी. भर उन्हात रिक्षावाले त्या रंगवलेल्या झाडाखाली रिक्षा लावायला लागले. सवय, दुसरं काय!

मंडळाला फार कौतुक वाटलं. त्यांनी फ्लेक्स छापला : ‘गल्लीची शान, चित्रकार मेघना हिचे हार्दिक अभिनंदन!’ मध्ये तिचा फोटो, भोवती कार्यकर्त्यांचे हसरे चेहरे. आणि लावायला दर्शनी जागा म्हणून तीच भिंत. अख्खं झाड झाकलं गेलं.

“अगं, तुझं चित्र कुठं गेलं?” मी तिला विचारलं.

“असू दे हो काका,” ती म्हणाली, “आई रोज येऊन माझा फोटो बघते.”

आपण कौतुकही असं करतो, की ज्याचं करायचं तेच त्याखाली गुदमरावं.

काल वाऱ्याने फ्लेक्सचा खालचा कोपरा उचलला गेला आणि तपकिरी खोड दिसलं. मी बघत उभा राहिलो. तेवढ्यात एक कार्यकर्ता लगबगीने आला आणि त्याने तो कोपरा खिळ्याने ठोकला, नेमका खोडात. खरं झाड होतं तेव्हा त्याच्याही खोडात पाट्यांचे असेच खिळे होते.